गाठीवरचे दोन टाके

"आ करा, हवालदार. अजून मोठा."

"एवढा तं मी दातवाल्यापुढंही नाई केला, सिस्टर," असं बळीराम मानवटकर म्हणाला खरा, पण तोंडात कापसाची काडी असल्यामुळं ते कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या नर्सनं ती काडी त्याच्या गालाच्या आतून सात-आठदा फिरवली, नळीत घातली आणि नळीवर त्याचं नाव लिहिलं. एकोणीस वर्षं ठाण्याचा मुद्देमाल सांभाळणारा बळीराम आज स्वतःच मुद्देमालात जमा झाला.

"मले कायले पण?" तोंड पुसत त्यानं विचारलं. "मी खून केला का बाप्पा?"

पीएसआय पायल मॅडम हसल्या. तिशीही ओलांडली नव्हती त्यांनी. ठाण्यात आल्या आल्या त्यांनी न उलगडलेल्या खुनांच्या फायली कपाटातून बाहेर काढल्या होत्या, आणि त्यात सगळ्यात वर होती वर्षा राठोडची. "लॅबमध्ये नवीन तज्ज्ञ आल्यात, शीला मॅडम. त्या म्हणतात, त्या ओढणीला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांचे नमुने पाठवा. डॉक्टर, फोटोग्राफर, पंच आणि तुम्ही. आपली माणसं वगळली की उरेल तो खुनी."

"मंग घ्या ना. पाह्यजे तं दुसऱ्या गालातूनही घ्या," बळीराम म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. सात वर्षांनी का होईना, कोणीतरी वर्षाच्या ओढणीच्या गाठीकडं पुन्हा पाहत होतं.

बळीरामची खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला. चोरीच्या मोटारींपासून रक्ताळलेल्या कुऱ्हाडीपर्यंत जे जे जप्त होईल ते त्याच्याकडं यायचं. मोठ्या वस्तू आवारात, लहान त्याच्या खोलीत. लहान वस्तू पांढऱ्या कापडात घालायची, कापड शिवायचं, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, शिवणीवर लाख ओतून पितळी शिक्का दाबायचा. आता कागदी पाकिटं आणि चिकटपट्ट्या आल्या आहेत, पण आपल्याकडं शिवणीची सवय सुटता सुटत नाही. बळीरामचे वडील कळंबच्या बाजारात शिंपीकाम करायचे. त्यामुळं त्याचा हात सुरेख बसलेला. यवतमाळच्या कोर्टातले कारकून पार्सल हातात घेतलं की म्हणायचे, मानवटकरची शिवण आहे, फोडायला जीव होत नाही. नवा शिपाई ओबडधोबड टाके घालायला लागला की बळीराम त्याच्या हातातून सुई काढून घ्यायचा. "सरक. कापसाचं पोतं शिवून राह्यला का बे? माणसाचा जीव गेला हाये याच्यात."

बाहेर बाकावर बसंतीबाई बसली होती. मंगळवार, बाजाराचा दिवस. सात वर्षांत तिचा मंगळवार चुकला असेल तो फार तर चार-पाचदा. बाजाराची पिशवी पायाशी ठेवायची, पदरानं तोंड पुसायचं आणि विचारायचं, "दादा, काई पता लागला का?"

आणि बळीरामनं सांगायचं, "माणूस कागदावर हाये, बसंतीबाई. फक्त नाव नाई भेटून राह्यलं."

हे वाक्य त्याचं स्वतःचं. कोणा साहेबानं त्याला ते शिकवलं नव्हतं. आणि ते खोटंही नव्हतं. बसंतीबाईची थोरली लेक वर्षा वीस वर्षांची होती. पांढरकवड्याला नर्सिंगचा कोर्स करायची. त्या दिवशी साडेपाचला ती हायवेच्या फाट्यावर ऑटोतून उतरली. तिथून तिचा तांडा दीड किलोमीटर, मधे पळसाचं रान. ती घरी पोचलीच नाही. सकाळी नाल्याच्या काठावर सापडली, गळ्याभोवती तिचीच ओढणी आवळलेली. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरनं ओढणी बाजूनं कापली आणि गाठ तशीच ठेवून पोलिसांकडं दिली. ज्यानं ती आवळली त्याच्या बोटांचं काहीतरी तिला घासून लागलं असणार, एवढं तर साध्या माणसालाही कळतं. लॅबनं गाठ तपासली आणि लिहिलं की हिच्यावर दोघांचे अंश आहेत. एक वर्षा, आणि एक पुरुष.

मग सुरू झाली त्या पुरुषाची शोधाशोध. तांड्यातल्या, शेजारच्या दोन गावांतल्या आणि हायवेवरच्या ढाब्यांतल्या एकतीस जणांचं रक्त घेतलं. बळीराम स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन जायचा, सुईला घाबरणाऱ्यांना चिडवायचा. त्या एकतिसांत सगळ्यात पुढं होता भारत. वर्षाची आणि त्याची सोयरीक ठरली होती, आणि आदल्या दिवशी फाट्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं अर्ध्या तांड्यानं पाहिलं होतं. ठाण्यात त्याला चार दिवस बसवून ठेवलं. बसवून म्हणजे काय, ते सांगायला नको. बाहेर सोडलं तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं, आणि तांड्यातलं एक माणूस त्याच्याशी बोलत नव्हतं. मग लॅबचा कागद आला. गाठीवरचा पुरुष भारत नव्हता. एकतिसांपैकी कोणीच नव्हता.

त्या कागदानं भारतला माणसांत आणलं. बसंतीबाईला नवरा नाही, मुलगा नाही. भारत तिचं शेत वाहू लागला, तिला दवाखान्यात नेऊ लागला. जावई होता होता राहिलेला पोरगा लेक झाला.

"आज तुमाले आत कायले बोलावलं होतं?" बसंतीबाईनं विचारलं.

बळीरामनं काडीची गंमत रंगवून सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "दादा, दिवाळी झाली का जयाची सगाई करून राह्यलो. भारतसोबत."

जया तिची धाकटी.

"अरे वा!" बळीराम म्हणाला. "हे तं लई चांगलं झालं."

"लोक आता काई बोलत नाई. बोलतीन कसे? कागद हाये ना. तुमी या बरं का सगाईचा गूळ खायाले. तुमी सांगतलं म्हणून पोराच्या माथ्यावरचं बालंट गेलं."

"येतो म्हणजे? न बोलावता आलो असतो."

दिवाळी झाली. सगाई रविवारची ठरली, आणि त्याच आठवड्यातल्या गुरुवारी लॅबमधून फोन आला की हवालदार मानवटकरांना पाठवा. बळीरामला त्यात काही वावगं वाटलं नाही. लॅबला पार्सलं पोचवायची ती तोच पोचवायचा, आणायची तीही तोच. शुक्रवारी सकाळची एसटी पकडली, वाटेत शेजारच्या प्रवाशाला मुद्देमालाच्या दोन गोष्टी ऐकवल्या आणि साडेअकराला लॅबमध्ये हजर झाला.

शीला मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज हळू. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. लॅबमध्ये त्याला आजवर कोणी खुर्ची दिली नव्हती.

"हा फोटो बघा." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडं वळवला. ओढणीची गाठ होती, खूप मोठी करून दाखवलेली. "गाठीतून पांढरा दोरा गेलाय. दोन टाके आहेत. आणि त्या दोऱ्याला चिठ्ठी. हे कोणाचं काम?"

"माझं," बळीराम म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि का नसावा? "डॉक्टरनं बजावलं होतं, गाठ सुटू देऊ नका, हात लावू नका. ओढणी होती गुळगुळीत. एसटीच्या धक्क्यानं सुटली असती. म्हणून मी दोन टाके मारून देल्ले. मोठे साहेब म्हणाले होते, मानवटकर, तुझ्याशिवाय हे कोणाले सुचलं नसतं. हात नाई लावला म्याडम, हातमोजे घातले होते. फक्त सुई लावली."

"आणि सुईत दोरा कसा ओवला?"

"कसा म्हणजे? असा." बळीरामनं चिमटीत नसलेला दोरा धरला, ओठांत घालून ओला केला, दातांनी टोक तोडलं आणि नसलेल्या सुईच्या नेढ्यात घातला. वडिलांनी आठव्या वर्षी शिकवलं तसा. हजारो वेळा केला होता तसा.

हात तिथंच राहिला. शीला मॅडम त्याच्याकडं पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता.

"तो पुरुष..." तो म्हणाला.

"तुम्ही. अगदी तंतोतंत. घाबरू नका, तुमच्यावर कोणी संशय घेत नाही. वर्षा गेली त्या संध्याकाळी तुम्ही ठाण्यात कामावर होता, नोंद आहे."

त्याच्या मनात तसलं काही आलंच नव्हतं. त्याला दिसत होता दवाखान्याच्या व्हरांड्यातला एकतीस जणांचा घोळका. एकतीस माणसं त्यानं स्वतः आणली होती, आणि त्यांचं रक्त त्याच्या स्वतःच्या थुंकीशी ताडून पाहिलं गेलं होतं.

"मंग जो खरा हाये त्याचं काई नाईच का त्याच्यावर?"

शीला मॅडमनी पडद्यावर आलेख आणला. एका आडव्या रेघेवर लहानमोठी टोकं उभी होती. "ही उंच टोकं वर्षाची. ही मधली तुमची. आता ही बघा, अगदी खाली, जमिनीला लागून." त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. बळीरामला चष्म्यातूनही ते जेमतेम दिसलं. "इथं तिसरं कोणीतरी असेल. असेल म्हणते, आहे म्हणत नाही. मशीनची खरखरही अशीच दिसते. ओढणी ओढताना बोटांचं कातडं घासून जे लागतं ते किती असतं? चिमूटभरही नाही. आणि थुंकीत भरपूर असतं. त्याची काही टोकं तुमच्या टोकांखाली बुडाली असतील. जी उरली त्यांवरून हा अमुक, हा तमुक नाही, असं मी लिहू शकत नाही. कोणीच लिहू नये."

"पुन्हा करा ना. दुसऱ्या मशीनवर. मुंबईले पाठवा."

"गाठीवरून जेवढं काढता येत होतं त्यातलं बहुतेक सात वर्षांपूर्वीच्या तपासणीत संपलं. मी उरलंसुरलं वापरलं."

बळीराम पुन्हा त्या खालच्या टोकांकडं वाकला. मग त्यानं विचारलं, "म्याडम, एक पोरगा हाये. भारत. तुमच्या कागदानं सुटला होता तो. हे खालचं जे हाये, ते त्याचं असू शकते?"

"असूही शकतं. नसूही शकतं. माझंही असू शकतं, इतकं ते अस्पष्ट आहे." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्याला निर्दोष ठरवणारं आता काही नाही. दोषी ठरवणारंही नाही. तो सात वर्षांपूर्वी जिथं होता तिथंच आहे."

तो म्हणाला, "माझ्या हातानं झालं."

"काळजी घेताना झालं," शीला मॅडम म्हणाल्या. त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, पण बळीरामला ते फार लागलं. निष्काळजीपणा केला असता तर स्वतःला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

ठाण्यात परतला तेव्हा पाच वाजले होते. पायल मॅडमना लॅबमधून आधीच कळलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हवालदार, तुमच्यावर कारवाई व्हावी असं मी लिहिणार नाही. तेव्हा तुम्हाला तसं प्रशिक्षणच कोणी दिलं नव्हतं. अहवालात येईल, निष्कर्ष काढता येत नाही. फाइल परत कपाटात. वाईट वाटतं, पण तेवढंच आहे आपल्या हातात."

"आणि बसंतीबाई?"

"त्यांना काय सांगायचंय? तुम्ही सांगता ना दर मंगळवारी, नाव मिळालं नाही म्हणून. तेच सांगा."

"म्याडम, परवा सगाई हाये. तिच्या धाकटीची. भारतसोबत."

पायल मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग तर मुळीच सांगू नका. त्या मुलाविरुद्ध तेव्हाही पुरावा नव्हता, आजही नाही. एका भांडणाशिवाय काय होतं? तुम्ही सांगाल आणि त्याचं आयुष्य पुन्हा मातीत जाईल. तो निर्दोष असेल तर?"

"आणि नसला तं?"

मॅडमनी फाइल ओढून घेतली आणि तिची नाडी बांधली.

ती रात्र बळीरामनं कशी काढली ते त्यालाच माहीत. मॅडमचं बोलणं खोटं नव्हतं. भारतला तो सात वर्षं पाहत होता. बसंतीबाईला पाठीवर घेऊन दवाखान्याची पायरी चढणारा पोरगा. आपल्या एका बोलण्यानं तो पुन्हा त्या चार दिवसांत जाऊन पडेल. पण गप्प बसावं तर एक आई आपली दुसरी लेक कागदाच्या भरवशावर द्यायला निघाली होती, आणि त्या कागदावर बळीराम मानवटकरशिवाय कोणी नव्हतं. तो गप्प राहिला आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर? आणि काहीच झालं नाही, तरी दर मंगळवारी तिच्या डोळ्यात बघून ते वाक्य म्हणायचं? चीड आली त्याला. स्वतःची, दोऱ्याची, शाबासकी देणाऱ्या साहेबाची, सगळ्या जगाची.

शनिवारी सकाळी तो साध्या कपड्यांत मोटारसायकलवरून तांड्यावर गेला.

अंगणात शेणाचा सडा ताजा होता. भारत पांढरा शर्ट घालून मांडवाचे बांबू रोवत होता. जया दारात बसून गहू निवडत होती. बसंतीबाईनं बळीरामला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आज कसे आले? उद्या हाये ना दादा! बसा, बसा. जया, पानी आन."

"पानी नको, बसंतीबाई. मले बोलाचं हाये. जरा आत चला."

"आत कायले? इथं कोन परकं हाये?"

खरंच कोणी परकं नव्हतं. बळीराम खाटेच्या कडेवर बसला आणि त्यानं सांगून टाकलं. गाठ, दोन टाके, दोरा, थुंकी. सोपं करून सांगितलं, काही लपवलं नाही. भारतचा बांबू ठोकण्याचा आवाज मधेच थांबला.

बसंतीबाईला दोनदा विचारावं लागलं. "तुमची थुंकी? गाठीवरची ते तुमची?"

"हाव."

"दुसऱ्या कोनाची नाई?"

"असंल, पण वाचता येत नाई. आता कधीच येनार नाई."

ती जमिनीवर बसली. हळूच, गुडघ्यावर हात टेकून. "मी ढाब्यायवर जाऊन डायवरायचे तोंडं पाह्यले, दादा," ती म्हणाली. "बाजारात भाजी घेतानी मानसाच्या हाताकडं पाह्यत राहो. याचेच हात तं नाई? सात वर्स. मंग मी कोनाले हुडकून राह्यलती?"

"मले," बळीराम म्हणाला. "मलेच हुडकून राह्यलता तुमी." त्यानं हात जोडले. "माफ करा म्हनाचीही माझी लायकी नाई."

ती चिडेल, अंगावर धावून येईल, तांडा गोळा करेल, अशी त्यानं तयारी केली होती. ती तसं काही करती तर त्याला हलकं वाटलं असतं. बसंतीबाई एवढंच म्हणाली, "तुमी तं नीटच ठेवाले गेलते."

गव्हाचं सूप मांडीवर तसंच ठेवून जया ऐकत होती. तिच्या मनात काय चाललं असेल या विचारानं बळीरामला तिच्याकडं पाहवेना. त्यानं नजर फिरवली तर समोर भारत उभा. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हातात लोखंडी पहार. ती त्यानं जपून खाली ठेवली.

"म्हणजे माझं जे लिहून आलतं," तो म्हणाला, "मी नाई म्हणून. ते गेलं?"

"गेलं, बेटा."

"मंग माझं रक्त पुन्हा घ्या." त्यानं उजव्या हाताची बाही भराभर कोपराच्या वर गुंडाळली आणि हात पुढं केला. "आता घ्या. किती पाह्यजे तेवढं घ्या. चला दवाखान्यात."

"भारत, तुझं रक्त घेऊन मी कायच्यासंगं पाहू? लावून पाहाले काई उरलंच नाई."

"असं कसं नाई उरलं?" तो ओरडला. "घ्या म्हणतो ना मी!"

शेजारच्या घरातली बाई दारात आली. पलीकडच्या ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. भारतचा हात पुढंच होता, मूठ आवळलेली, शिरा फुगलेल्या, आणि तो त्या हातासकट कोणाकडं वळावं हे न कळून एकदा बळीरामकडं, एकदा बसंतीबाईकडं पाहत होता. बळीरामला त्या हातासाठी काहीही करता येत नव्हतं.

बसंतीबाई उठली. भारतजवळ गेली. त्याची गुंडाळलेली बाही तिनं एक एक घडी उलगडत मनगटापर्यंत खाली ओढली, नीट केली, बटण लावलं. "ओरडू नको," ती म्हणाली. "उन्हात उभा राहून राह्यला मघापासून. सावलीत बस."

त्याच्या तोंडाकडं मात्र तिनं पाहिलं नाही. मग मागं न वळता ती जयाला म्हणाली, "तू आत जा."

जयानं सूप उचललं आणि ती आत गेली.